आधी कान, मग वही

वहीवरून काँगा, म्हणजे क्यूबाचा हाताने वाजवायचा उभा ड्रम, शिकतोयस, त्यात गैर काही नाही. तुंबाओत, म्हणजे काँगाच्या मूळ ठेक्यात, डावा तळवा कुठे, बोटं कुठे, हे लिहिलेलं पाहून चटकन कळतं. पण क्यूबाच्या रुम्बा संगीताची क्लावे, म्हणजे सगळं वादन बांधून ठेवणारा पाच ठोक्यांचा ठेका, कागदात मावत नाही. तिच्यातला तिसरा ठोका लिहिताना एका जागी बसवावा लागतो. क्यूबातल्या मातान्सास शहराचे वादक तो चतस्र (चारची विभागणी) आणि तिस्र (तीनची) यांच्या मध्ये कुठेतरी ठेवतात. सगळा डौल तिथेच!

१९५२ साली सुरू झालेल्या लोस मुन्येकितोस दे मातान्सास या रुम्बा समूहाचं एखादं ग्वाग्वांको, म्हणजे रुम्बाचा एक प्रकार, लाव. आठवडाभर ड्रमला हात नको. टाळीने क्लावे धर, तोंडाने तुंबाचे, म्हणजे खर्जातल्या काँगाचे, ठोके म्हण, तबल्याचे बोल म्हणतो तसा. वर किंतो, म्हणजे उंच आवाजाचा काँगा, मोकळा सुटला की टाळी डगमगेल. माझी महिनाभर डगमगायची. पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण गाणं टाळी टिकली, की वही उघड.