सोलरच्या बॅटरी पॅकमध्ये अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर बसवावा का?

तुमचा पॅक 16 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा, 100 अँपिअर-तासांचा, आणि एक सेल इतरांआधी 3.65 व्होल्टला पोहोचून चार्जिंग थांबवतो, असं तुम्ही लिहिलंय. सेलमध्ये 2 टक्के फरक धरला तर तो 2 अँपिअर-तास होतो. बीएमएसमधला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमधला) साधा बॅलन्सर जास्तीचा चार्ज रेझिस्टरमध्ये जाळतो. 33 ओहमचा रेझिस्टर असेल तर करंट जेमतेम 0.11 अँपिअर, म्हणजे सलग 18 तास! आणि तो तर चार्जिंगच्या शेवटी थोडाच वेळ चालू असतो.

म्हणून हो, अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर बसवा; तो जास्तीचा चार्ज जाळण्याऐवजी कमी भरलेल्या सेलला देतो. पण कपॅसिटरवाला घेऊ नका. त्याचा करंट दोन सेलच्या व्होल्टेजमधल्या फरकावर चालतो, आणि एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे तो नुसता बसून राहतो. इंडक्टरवाला (तारेच्या कॉइलचा) घ्या. त्यात मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) भरलेल्या सेलमधून इंडक्टरमध्ये ऊर्जा साठवतो आणि कमी भरलेल्या सेलला देतो, फरक अगदी कमी असला तरी.

मात्र तो 3.4 व्होल्टच्या वरच चालू होईल असं सेटिंग ठेवा. खाली चालू ठेवलात तर चुकीचा सेल रिकामा करत बसेल. आणि हो, आधी बसबारचे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) नट तपासा. सैल नटामुळेही असंच दिसतं.