ईसीजी 'काढला' की 'केला'?

प्रश्न असा आहे: 'बाबांचा ईसीजी काढला' असं एकजण म्हणाले, तर नात्यातल्या कुणीतरी त्यांना टोकलं, "काढायला तो काय दात आहे? केला म्हण." मग बरोबर काय?

'काढला'च. 'केला' चुकीचं नाही, पण टोकणाऱ्याचं म्हणणं मात्र चूक.

ईसीजी म्हणजे इलेक्ट्रोकार्डिओग्राम; त्यातला 'जी' म्हणजे ग्राम. यंत्र तो ग्राफ आणि त्यातून निघतो तो ग्राम, जसं टेलिग्राफ आणि टेलिग्राम. म्हणजे ईसीजी हे मुळात तपासणीचं नाव नाही, हृदयातल्या विजेने उमटलेल्या रेघेचं आहे. आणि मराठीत रेघ काढतात. चित्र, रांगोळी, नकाशाही काढतात. दात उपटण्याचा 'काढणे' हा या क्रियापदाचा एक अर्थ झाला, एकमेव नव्हे.

गंमत पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेन यांनी जे यंत्र बनवलं, त्यात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक तंतू ताणलेला होता. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवायचे. हृदयाचा प्रवाह तंतूतून गेला की तो किंचित थरथरायचा आणि त्याची सावली सरकत्या फोटोग्राफिक काचेवर पडायची. म्हणजे त्या काळी ईसीजी हा अक्षरशः फोटोच होता, आणि फोटो आपण काढतोच. ते यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत. आलेखातल्या पी, क्यू, आर, एस, टी या लाटांची नावंही आइन्थोव्हेन यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. (अमेरिकेतल्या भाच्याने 'ईकेजी' म्हटलं तर बिचकू नका. जर्मन स्पेलिंगमध्ये कार्डिओला 'के' लागतो, इतकंच.)

हृदयाच्या बाकीच्या तपासण्यांची आणि उपकरणांची क्रियापदं पाहा. टू-डी एको आपण करतो. तिथे ध्वनिलहरी आत पाठवून परतणारा प्रतिध्वनी पकडतात, हृदय पडद्यावर हलताना दिसतं, कागद नंतर येतो. होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र, लावतात, कारण तो दिवसभर अंगावर वागवायचा असतो. नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र तर पाठीवर घ्यायचं होतं, वजन सुमारे ३८ किलो! पेसमेकर बसवतात. नाडी मात्र बोटांनी चाचपायची असूनही 'बघतात'.

उमटलेलं काही हाती येतं तिथे 'काढतात', हा नियम काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. 'सीटी स्कॅन काढला' आणि 'केला' दोन्ही सर्रास ऐकू येतं. मोठ्या पाकिटातून फिल्म हातात पडते म्हणून तिथे एक्स-रेचं 'काढणं' चिकटलं असावं, असा माझा अंदाज.

हल्ली मनगटी घड्याळावर तीस सेकंद बोट टेकवलं की स्क्रीनवर रेघ सरकते. तिला 'घड्याळावर ईसीजी घेतला' असं म्हटलेलं परवा कानावर आलं. ना कागद, ना काढणारा कुणी. तिथे 'काढला' म्हणताना माझीही जीभ जरा अडखळते.