एकाच घरातली दोन मुलं, दहावीच्या गुणांत एवढा फरक का?

"चुलतभाऊ बेळगावात राहून ५४२ वर गेला आणि आमची पोरगी गणितात नापास झाली. मराठी शाळेत घालून चुकलो काय?" कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका वडिलांचा हा प्रश्न. दहावीचा निकाल लागला की सीमाभागात तो घरोघरी ऐकू येतो.

आधी गुणपत्रिका विषयवार बघितली. ६२५ पैकी ३५१. मराठीत १२५ पैकी १०४, समाजविज्ञानात ६१, कन्नडमध्ये ५२, गणितात ३१. त्या ३१ मधले १८ अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे लेखी ८० पैकी फक्त १३, तेव्हाच्या नियमाने नापास. समाजविज्ञानही मराठीतूनच शिकली होती, तेव्हा गणिताचं खापर माध्यमावर फोडता येत नव्हतं. कन्नडची गोष्ट वेगळी. घरात, शिवारात ती भाषा कानावरच पडत नाही. बेळगावच्या मुलाला ती बाजारात, बसमध्ये आयती मिळते.

मग गणिताची वही मागवली आणि पानांवरच्या तारखा वाचल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर थेट १९ ऑगस्ट. मधे भाताची रोप लावण होती. नाल्याला पाणी आलं की सकाळची एकुलती एक बसही यायची नाही. त्या दिवसांत वर्गात रेषीय समीकरणं झाली, आणि पुढे वर्गसमीकरणांत तिचे हातपाय गळाले.

उत्तरपत्रिकेची प्रत अर्ज करून मिळते, ती जरूर घ्यावी. हिच्या प्रतीत सूत्रं बरोबर होती, पण −५ − ३ चं उत्तर −२ लिहिलेलं, तेही तीन ठिकाणी. ही सातवीतली चूक. दहावीचा क्लास लावून ती गेली नसती, आणि पालक नेमका तिथेच पैसा घालतात.

परीक्षा-२, म्हणजे निकालानंतर त्याच वर्षी मिळणारी दुसरी संधी, तिच्यासाठी म्हणून फक्त गणित घेतलं. पहिले आठ दिवस रोज ४० मिनिटं चिन्हं आणि अपूर्णांक, नंतर बुडालेली समीकरणं, शेवटी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका. पाणी भरायचं काम त्या दिवसांत भावाकडे दिलं. आईला हे पटवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. लेखीत ८० पैकी ३९ आले.

भाऊ यंदा नववीत आहे. लावणीत शाळा बुडाली तर त्या दिवसाचा धडा शेजारच्या मुलाच्या वहीतून त्याच संध्याकाळी उतरवायचा आणि त्यातली दोन गणितं सोडवूनच झोपायचं, एवढं घरात ठरलंय.