आधी आठवडाभर पेशंटचं स्पंजिंग स्वतः कर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जर्मन भाषेची ए-टू पातळी पास होऊन आठ महिने झाले, पुढच्या बी-वनच्या क्लासची फी अजून भरलेली नाहीस. मिरजेच्या नोकरीत मन नाही आणि राजीनामाही लिहिवत नाही. त्यात 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं इथल्या, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मामा दर रविवारी विचारतात, "काय ठरलं गं?" काळजीपोटीच विचारतात, पण ऐकलं की पोटात गोळा येतो. मला तो गोळा ठाऊक आहे. मी दोन वर्षं तो घेऊन फिरले.

जर्मनी चांगलं की आपलं तिकडेच बरं, असं तू विचारलंस. या प्रश्नावर कितीही व्हिडिओ बघितलेस तरी तो सुटायचा नाही. रोजचे आठ तास तू वॉर्डात काढणार आहेस, म्हणून आधी वॉर्डाबद्दल सांगते.

आपल्याकडे पेशंटचं अंग पुसायला, भरवायला, बेडपॅन द्यायला मावशी असतात, नाहीतर नातेवाईक. आपण सिस्टर. औषधं, इंजेक्शनं, सलाईन, चार्ट. इथे अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं नर्सचं काम, आणि नर्सिंगचा पाया तोच मानतात. उलट रक्त काढणं, सलाईनसाठी व्हेन घेणं हे बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टर करतात. मी सहा वर्षं आयसीयूत काढून आले होते. पहिल्याच सकाळी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींसमोर मला उभं केलं, हातात कोमट पाण्याचं भांडं आणि दोन कापडं. मी घाईघाईनं पाठ पुसायला घेतली तशी आजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "काल्ट." पाणी गार झालं होतं. मी पाणी बदलायला गेले आणि नळ सोडून तिथेच रडले. बाबांनी कर्ज काढून मला बीएस्सी नर्सिंग शिकवलं ते यासाठी का, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तिसऱ्या महिन्यात असंच अंग पुसताना एका आजोबांच्या टाचेवर लाली दिसली. दाबून बघितली, पांढरी पडेना. बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती आणि ती सगळ्यात आधी माझ्या हाताला कळली. त्या दिवसापासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. पण माझ्याबरोबर आलेल्या काही जणींना ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्या परत गेल्या. त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणून तू आता एक कर. पुढच्या आठवड्यात तुझ्या वॉर्डातला एक पेशंट निवड आणि सहा दिवस त्याचं स्पंजिंग म्हणजे अंग पुसणं, भरवणं, डायपर, सगळं तू कर. मावशींना सांग, याला मी बघते. त्या हसतील, हसू देत. सहाव्या दिवशी घरी जाताना तुला जे वाटेल, त्यावर मी दहा एजंटांच्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

जमेल असं वाटलं तर दुसरी गोष्ट भाषा. 1 मार्च 2024 पासून कायद्यानं एक वाट उघडली आहे. नोकरीचा करार हातात असला तर ए-टूवरही इथे येता येतं आणि नर्स म्हणून नोंदणीचं काम इथे राहून पुरं करता येतं. तू त्या वाटेनं येऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. पूर्ण नर्स म्हणून नोंदणी व्हायला साधारणपणे बी-वनच्याही वरची बी-टू पातळी लागतेच, आणि तोवर तू हाताखालची मदतनीस. ए-टूवर रात्रीचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटबद्दल सांगतात ते, कळत नाही. बी-टू पुण्याला मॅक्सम्युलर भवनात देता येईल. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात 60 टक्के हवेत, आणि ते वेगवेगळेही देता येतात. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा. आणि बी-टू झाल्यावर नाही गेलीस, तरी ते तुझंच राहील.

पैशांचं मात्र निक्षून सांगते. केरळमध्ये नोर्का ही सरकारी संस्था आणि जर्मन सरकार मिळून नर्सना इथे आणायची 'ट्रिपल विन' योजना चालवतात, त्यात निवडीचे पैसे नर्सकडून घेत नाहीत. मग तुझ्याकडे लाखभर मागणारा कशाचे मागतो, ते त्याला विचार. मी माझ्या एजंटाला हे विचारलं नाही, भरून मोकळी झाले, आणि करारात तीन वर्षं बांधून घेतलंय हे इथे आल्यावर दुसऱ्या कोणीतरी मला वाचून दाखवलं. आधी सोडलं तर किती पैसे परत द्यायचे, ते कलम सहीआधी शोध.

राहिली आई. 'आई एकटी पडेल' असं तू चार वेळा लिहिलंस. मीही दोन वर्षं हेच सगळ्यांना सांगत होते. शेवटी एका रात्री भांडी घासताना आईला म्हटलं, "मी गेले तर तुझं कसं होईल?" ती हातातलं पातेलं विसळत म्हणाली, "हे तू मला आज विचारतेस?" मग आम्ही पहाटेपर्यंत बोललो. गुडघ्याच्या ऑपरेशनची तिला भीती होती, मी दूर जाण्याची तेवढी नव्हती. ऑपरेशन उरकून, ती काठीशिवाय चालायला लागल्यावर मी निघाले. तुझी आई काय म्हणेल हे मला माहीत नाही, आणि तुलाही अजून माहीत नाही. विचार तिला. मामांच्या आधी विचार.

तुझ्या आणि माझ्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तुझी नाइट असेल तर पहाटे फोन करू नकोस, तुझे रात्रीचे नऊ वाजले की कर, मी ड्यूटीवरून आलेली असते. पेशंट कोण निवडलास ते सांग.

तुझी,
ताई