लाटव्हियाचे युद्धकाळावरचे आणि सोव्हिएत काळावरचे माहितीपट: कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द सोव्हिएत स्टोरी’ पाहून हादरायला झालं, तर त्यातलं कितपत खरं मानावं? आणि दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर सोव्हिएत अमलाखाली लाटव्हियात काय घडलं हे समजून घ्यायला आणखी काय पाहावं?

आधी पहिल्या भागाबद्दल. एडविन्स श्नोरे यांचा हा माहितीपट २००८चा, युरोपियन संसदेतल्या एका उजव्या गटाच्या पाठबळावर तयार झालेला. त्याचा कणा खरा आहे. २३ ऑगस्ट १९३९चा हिटलर-स्टालिन करार, पूर्व युरोप आपसांत वाटून घेणारी त्याची गुप्त कलमं, युक्रेनमधला १९३२-३३चा दुष्काळ, सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातिनच्या जंगलात मारलेले पोलिश अधिकारी, याबद्दल गंभीर अभ्यासकांत आता वाद नाही. पण हा चित्रपट सरकारी वकिलासारखा बोलतो. निकाल आधी ठरलेला, पुरावा त्याच्या सोयीने लावलेला. सोव्हिएत गुप्त पोलीस आणि नाझींचे गुप्त पोलीस गेस्टापो यांच्यातला म्हणून जो १९३८चा करार त्यात दिसतो, तो बहुतेक अभ्यासक बनावट मानतात. आणि लाटव्हियाच्याच भूमीवर झालेली ज्यूंची कत्तल, तिच्यातला स्थानिक माणसांचा हात, याकडे तो जवळजवळ वळतच नाही. चित्रपट आला त्या वर्षी मॉस्कोत दिग्दर्शकाचा पुतळा जाळला गेला. त्यामुळे चित्रपटाच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहणं एवढंच लोकांना सुचतं. मी म्हणेन, पाहिलात ते ठीक, पण या इतिहासाची ओळख तिथून करून घेऊ नका.

त्याआधी एक सवय लावून घ्या. युद्धकाळातलं कोणतंही जुनं दृश्य समोर आलं की विचारा, हे कोणी चित्रित केलं आणि कोणाला दाखवण्यासाठी? सगळ्याच देशांच्या बाबतीत हे विचारायला हवं, पण लाटव्हियाच्या बाबतीत त्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही. जून १९४०मध्ये तिथे लाल सैन्य शिरलं. पुढच्या उन्हाळ्यात जर्मन आले. १९४४-४५मध्ये पुन्हा सोव्हिएत. पाच वर्षांत तीन वेळा सत्ता बदलली आणि प्रत्येक सत्ता आपले कॅमेरे घेऊन आली.

१९४१च्या उन्हाळ्याचंच पाहा. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पळ काढण्याआधी कैद्यांना मारून पुरलं होतं. जर्मनांनी ते मृतदेह उकरून काढायला लावले, त्यांचं चित्रण केलं आणि त्यातून ‘सार्काना मिग्ला’ नावाचा प्रचारपट तयार झाला. प्रेतं खरी होती, खूनही खरे होते. त्यावर चढवलेलं निवेदन मात्र सांगत होतं की हे ज्यूंचं काम. शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडायला ती दृश्यं वापरली गेली. आज एखाद्या माहितीपटात तीच दृश्यं नुसती ‘सोव्हिएत अत्याचार’ म्हणून येतात, तेव्हा त्यांचा हा दुसरा प्रवास कोणी सांगत नाही. तो सांगणारा दिग्दर्शक भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

याच्या बरोबर उलटं उदाहरण लिएपाया या बंदराच्या गावातलं. १९४१मध्ये राइनहार्ड वीनर या जर्मन नौसैनिकाने आपल्या हौशी ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर समुद्राजवळ चाललेली ज्यू पुरुषांची हत्या टिपली. ट्रक येतो, माणसं धावत खंदकाकडे नेली जातात, गोळीबार होतो, भोवती बघे उभे आहेत. ही फिल्म दोन मिनिटांचीही नाही, आवाजही नाही. गोळ्या घालून केलेल्या त्या हत्यासत्राचं हलतं चित्रण जगात फार थोडं उरलं आहे, त्यातलं हे एक. तुम्ही होलोकॉस्टवरचे दोन-चार माहितीपट पाहिले असतील तर हे तुकडे तुमच्या नजरेखालून गेले असण्याची दाट शक्यता आहे, फक्त खाली ‘लिएपाया, लाटव्हिया’ असं लिहिलेलं नसतं. त्याच गावाजवळ श्केडेच्या वाळूच्या टेकड्यांत डिसेंबर १९४१मध्ये बायकामुलांना मारण्यात आलं, त्याचे फोटो काढले होते मारणाऱ्यांनीच. डेव्हिड झिव्हकॉन या ज्यू इलेक्ट्रिशियनला काम करताना एका जर्मनाच्या घरात त्या फोटोंची फिल्म सापडली. त्याने गुपचूप प्रती काढून घेतल्या, मूळ रीळ परत जागेवर ठेवलं आणि प्रती जमिनीत पुरून ठेवल्या. युद्ध संपल्यावर त्या बाहेर आल्या. मला या सगळ्या इतिहासात याहून धाडसाचं ‘चित्रपटाचं काम’ दुसरं दिसत नाही.

राजधानी रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत सुमारे २५,००० ज्यू मारले गेले. सोव्हिएत काळात अशा ठिकाणच्या स्मारकांवर मृतांचा उल्लेख ‘सोव्हिएत नागरिक’ किंवा ‘फॅसिझमचे बळी’ असाच करायची रीत होती. ते ज्यू होते म्हणून मारले गेले हे उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून त्या काळातल्या माहितीपटांत ही हत्याकांडं शोधायला गेलात तर चित्र अर्धवट मिळेल.

आता सायबेरिया. इथे झिन्त्रा गेका यांचं काम पाहा. २००१च्या ‘सायबेरियाची मुलं’पासून त्यांनी हा एकच विषय वर्षानुवर्षं धरून ठेवला आहे. १४ जून १९४१च्या रात्री सोव्हिएत सत्तेने लाटव्हियातून १५,०००हून जास्त माणसं मालगाड्यांत भरून नेली. स्टेशनवर पुरुषांना वेगळं काढलं आणि श्रमछावण्यांत पाठवलं, बायकामुलांना क्रास्नोयार्स्क आणि तोम्स्कच्या बाजूला. त्यांत लाटव्हियन होते तसे ज्यूही होते, आणि हद्दपार झाले म्हणूनच नाझींच्या हातून वाचले असं काहींचं नशीब. मार्च १९४९मध्ये दुसरी लाट आली, ती ४२,०००हून अधिक माणसांची, बहुतेक शेतकरी कुटुंबं. गेका त्या वेळी लहान असलेल्यांना बोलतं करतात. अन्न काय मिळायचं, आईला कुठे पुरलं, शाळेत कोणती भाषा बोलावी लागली. १९४६-४७मध्ये काही अनाथ मुलांना परत आणलं गेलं आणि पुढे त्यांतल्या काहींना पुन्हा तिकडेच धाडण्यात आलं, हे एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना आकड्यांची गरज उरत नाही. या माहितीपटांत चित्रपट म्हणून काही वेगळी करामत नाही, एकामागून एक मुलाखती आहेत. काहींना ते कंटाळवाणं वाटेल. मला मात्र ती चिकाटीच मोलाची वाटते, कारण सांगणारी पिढी संपत आली होती.

कोल्हापूरकरांना यातलं काही ओळखीचं वाटेल. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेली हजारो पोलिश माणसं बहुतेक त्याच हद्दपारीच्या चक्रातून सुटून आलेली होती. पूर्व पोलंडमधून १९४०-४१मध्ये त्यांना अशाच गाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं होतं.

इतिहास कळला, आता चित्रपट. लाटव्हियाने माहितीपटाला खरोखर काही दिलं असेल तर ते १९६०च्या दशकापासून, रिगाच्या त्या काव्यात्म परंपरेने. उल्डिस ब्राउन्स यांचा ‘२३५,०००,०००’ हा १९६७चा चित्रपट क्रांतीच्या पन्नाशीनिमित्त करून घेतलेला, पण त्यात निवेदन नाही. नुसती माणसं: लग्नं, जन्म, निरोप. हर्त्स फ्रांक यांचा ‘दहा मिनिटांनी मोठा’ (१९७८) तर पपेट शो पाहणाऱ्या एका लहान मुलाचा चेहरा आहे, सलग दहा मिनिटं, एकही कट नाही. मला वाटतं, जिथे प्रत्येक शब्द तपासला जायचा तिथे या मंडळींनी चेहऱ्यावर भरवसा टाकला. चेहऱ्यातली वाक्यं कोण खोडणार?

‘दहा मिनिटांनी मोठा’चा कॅमेरामन होता युरिस पॉडनिएक्स, आणि तुम्ही एकाच माणसाचं काम पाहणार असाल तर याचं पाहा. १९८२च्या चित्रपटात त्याने पहिल्या महायुद्धातल्या लाटव्हियन रायफलमन तुकड्यांतल्या वाचलेल्या वृद्धांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. सोव्हिएत इतिहासाला त्यांच्यातले फक्त ‘लाल’, म्हणजे बोल्शेविकांच्या बाजूने गेलेले, हवे होते. पॉडनिएक्सला माणसं हवी होती. १९८६मध्ये ‘तरुण असणं सोपं आहे का?’ आला. सुरुवात आहे ओग्रे गावातल्या एका रॉक मैफलीने. परतताना मुलांनी रेल्वेच्या डब्यांची मोडतोड केली, खटला भरला आणि एकाला तर तीन वर्षांची शिक्षा झाली. पॉडनिएक्स त्या मुलांना, हरे कृष्णवाल्यांना, अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना प्रश्न विचारत राहतो आणि मध्ये बोलत नाही. ‘आम्हाला खोटं सांगण्यात आलं’ ही भावना पडद्यावर इतकी उघडी तोवर आलीच नव्हती. सोव्हिएत संघभर तो पाहायला रांगा लागल्या. त्याची संकलक आंत्रा त्सिलिन्स्का हिने पुढे त्याच माणसांना पुन्हा गाठून आणखी दोन भाग केले, तेही जरूर पाहा.

मग ‘क्रुस्टसेल्श’, इंग्रजीत ‘होमलँड’, १९९०चा, लाटव्हिया, एस्टोनिया, लिथुआनिया या बाल्टिक देशांच्या स्वातंत्र्यासाठीच्या जागृतीवरचा. आणि त्याला जोडलेला ताजा कलम. २० जानेवारी १९९१च्या रात्री रिगात सोव्हिएत विशेष पोलिसांनी गृहमंत्रालयावर हल्ला केला. पॉडनिएक्स आणि त्याचे सहकारी शेजारच्या बागेतून चित्रण करत होते. कॅमेरामन आंद्रिस स्लापिन्श तिथेच गोळी लागून गेला. ग्विडो झ्वाइग्झ्ने जखमी झाला आणि ५ फेब्रुवारीला वारला. त्या रात्रीची दृश्यं चित्रपटाच्या पुरवणीत आहेत. स्वतः पॉडनिएक्स जून १९९२मध्ये एका तळ्यात डायव्हिंग करताना बुडाला, ४१ वर्षांचा असताना. हे सांगतोय ते हळहळ म्हणून नव्हे. कोणी चित्रित केलं, हा वरचा प्रश्न इथे विचारून पाहा: हे चित्रण करणारी माणसं गोळीच्या त्याच बाजूला उभी होती जिकडे निःशस्त्र लोक होते.

नंतरच्या काळातलं झरझर सांगतो. इनारा कोल्माने यांचा ‘प्रेट्रुनीगा वेस्तुरे’ (२०१०) एकाच देशाची माणसं जर्मन गणवेशातही होती आणि सोव्हिएत गणवेशातही, या दुखऱ्या जागेला हात घालतो. १६ मार्चला जर्मन बाजूने लढलेल्यांच्या आठवणी जागवल्या जातात, ९ मेला सोव्हिएत बाजूच्या जागवल्या जायच्या. सोव्हिएत विजयाचं रिगातलं मोठं स्मारक ऑगस्ट २०२२मध्ये पाडलं गेलं, त्यामागची तेढ समजायला हा उपयोगी. गिन्ट्स ग्रूबे यांचा ‘लुस्ट्रुम’ (२०१८) केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने मागे सोडलेल्या, खबऱ्यांच्या नोंदींच्या कार्डांवर आहे. ती कार्डं लाटव्हियाने डिसेंबर २०१८मध्ये इंटरनेटवर खुली केली आणि घराघरात प्रश्न उभे राहिले. याक किल्मीबरोबर त्यांनीच केलेला ‘माय फादर द स्पाय’ (२०१९) हे एका मुलीने आपल्या वडिलांचा केलेला तपास आहे: इमान्ट्स लेशिन्स्किस, केजीबीचा माणूस, जो सीआयएसाठीही काम करत होता आणि १९७८मध्ये न्यूयॉर्कमध्ये कुटुंबासह अमेरिकेच्या बाजूला गेला. ज्यांना हेरकथा आवडतात त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

क्रम विचाराल तर: ‘दहा मिनिटांनी मोठा’, मग ‘तरुण असणं सोपं आहे का?’, मग ‘क्रुस्टसेल्श’ पुरवणीसकट, मग गेका यांचं काही, मग ‘लुस्ट्रुम’. ‘द सोव्हिएत स्टोरी’ त्यानंतर पुन्हा पाहा. कुठे तो ठाम जमिनीवर आहे आणि कुठे नुसता जोर लावतोय हे तुमचं तुम्हाला दिसेल. लाटव्हियाच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राचं ‘फिल्मास डॉट एलव्ही’ हे संकेतस्थळ आहे, तिथे जुने चित्रपट आहेत. बरेचसे फक्त लाटव्हियातून उघडतात, पण तपासून पाहा. तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर त्यांना रिगाला रीतसर पत्र पाठवायला सांगा, आणि पॉडनिएक्सची मागणी करताना इंग्रजी सबटायटलची प्रत हवी हे आवर्जून लिहा.