टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करताना

नोकरी नवी, ग्रुप नवा, म्हणून बिलाचं बोलायला लाजू नकोस. ऑर्डर द्यायच्या आधीच विचार, "आज टीटीएमएम ना?" बिल टेबलावर आल्यावर विचारलंस तर सगळेच अवघडतात.

साध्या जेवणाचे सरळ समान भाग करा. कुणी एक रोटी जास्त खाल्ली याचा हिशेब काढू नये. दारूचं वेगळं. तिच्यावर जीएसटी नसतो, व्हॅट लागतो, त्यामुळे तिचा आकडा बिलात बहुधा वेगळाच दिसतो; तो पिणाऱ्यांनीच वाटून घ्यावा. न पिणारा, शाकाहारी मित्र स्वतःहून कधी बोलत नाही. दालखिचडी आणि ताक घेऊन तो मुकाट्याने सातशे रुपये देतो आणि पुढच्या वेळी यायचंच टाळतो. हे मला फार लागतं. त्याच्या वतीने तू बोल.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. वेटरची टिप मात्र रोख, त्याच्या हातात.

एकाने बिल भरलं की टेबलावरून उठायच्या आधी त्याला यूपीआय कर. त्याला मागायला लावू नकोस. वाढदिवसाला बोलावलं असेल तर बिल बोलावणाऱ्याचं, तू भेट घेऊन जा.