बर्फात भरलेली घागर

प्रिय बाळा,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या नानांच्या नावाने घागर पुजताना तू विचारलंस, “बाहेर बर्फ पडतोय, मग नानांना गार पाणी कशाला द्यायचं?” प्रश्न मनाला लागला. एका वाक्यात त्याचं उत्तर होत नाही, म्हणून लिहिते.

नाशकात आखाजी म्हणजे भर उन्हाळा. विहिरी तळाला गेलेल्या, पारा चाळिशीकडे. तेव्हा गेलेल्या माणसाला द्यावं असं पाण्याहून मोलाचं काय असणार? माई नवी घागर आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायची आणि पहिलं पाणी टाकून द्यायची. कोरडी माती पाणी पिते आणि पाण्याला तिचा वासही लागतो. मग खाली गव्हाची रास, वर काठोकाठ भरलेली घागर, तिच्यावर लहान मडकं आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा. ही पूजा होईपर्यंत घरात आंब्याला हात लावायचा नाही. आम्हा मुलांना सगळ्यात जड जायचं ते हेच. घागर गार होते ती पाझरामुळे: मातीतून बाहेर आलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. त्याला कोरडी हवा लागते. इथल्या दमट गारठ्यात घागर नुसती ओली राहते. तेव्हा तुझी शंका अगदीच चुकीची नाही.

पण पाणी फक्त गारवाच देतं, असंही नाही. आपण राहतो त्या आल्टेस लांडमध्ये, जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या या सफरचंदांच्या पट्ट्यात, फुलोरा आल्यावर गोठवणाऱ्या रात्री झाडांवर पाण्याचे फवारे चालतात, ते तू पाहतेसच. सफरचंदाचं पूर्ण उमललेलं फूल उणे २.२ अंशांना अर्धा तास राहिलं तर दहातलं एक मरतं, उणे ३.९ ला दहातली नऊ. पाणी गोठताना मात्र दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपास टिकून राहतं. तासाला ३ ते ४ मिलिमीटर पाणी अखंड पडायला हवं. तापमापकाचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि त्याचा पारा शून्याला टेकायच्या आत फवारे सोडतात. मध्येच पंप बंद पडला तर काहीच न केल्यापेक्षा वाईट होतं, कारण वाळणारं पाणी गोठताना मिळालेल्या उष्णतेच्या सातपट ओढून घेतं. वारा सुटला तरी तेच. म्हणून सकाळी ऊन आलं तरी लगेच बंद करत नाहीत. बर्फ आपोआप सुटून गळायला लागेपर्यंत थांबतात.

हे निफाडच्या द्राक्षवाल्यांना सांगितलं तर त्यांना नवल वाटणार नाही. तिथे थंडीचा कडाका डिसेंबर-जानेवारीत येतो. पारा ५ अंशांच्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू होतं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तेही बेतानेच, पिकायला आलेल्या मण्यांना एकदम जास्त पाणी मिळालं तर ते तडकतात.

त्या दिवशीच्या बर्फापेक्षा मला काळजी होती नंतरच्या निरभ्र रात्रीची. ढग असतात तोवर जमिनीची ऊब वर निसटत नाही. आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला की पारा भरभर उतरतो. ओला बर्फ जड असतो, त्यामुळे अंगणातल्या झाडाच्या फांद्या वाकल्या तर खालून झाडूने हलकेच वर उचलून झटक. गोठून चिकटला असेल तर हात लावू नकोस, फांदी मोडते. दोन दिवसांनी चार-पाच फुलं नखाने उभी चिरून बघ: मधला भाग हिरवट असेल तर फळ धरण्याची आशा आहे, काळा पडला असेल तर ते फूल गेलं. पाकळ्यांवरून काही कळत नाही, त्या बऱ्याचदा पांढऱ्याशुभ्रच राहतात.

आता घागरीचं. नानांना खरंच पाणी पोचतं का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. घागर भरताना त्यांचं नाव घेतलं जातं, वर्षातून एकदा का होईना त्यांच्याबद्दल बोललं जातं, एवढं मला ठाऊक आहे आणि ते सुटू नये असं वाटतं. ते इथे तसंच्या तसंच व्हावं का, हे मात्र माझं मलाच ठरवता आलेलं नाही. तुला पटलं तर पुढल्या वर्षी तू भर, कोमट पाण्याने भरलीस तरी चालेल. नाही पटलं तर मी भरेन, तू शेजारी बसलीस तरी पुरे. फक्त रात्री ती बाहेर ठेवू नकोस. पाणी गोठताना जवळपास नऊ टक्के फुगतं आणि मातीची घागर फुटते.

तुझी,
आई